कॉस्प्ले छायाचित्रण

कॉस्प्ले छायाचित्रण म्हणजे चित्रकथा, ॲनिमे, चित्रपट, कादंबरी किंवा व्हिडिओ गेम यांतील एखाद्या पात्राची वेशभूषा केलेल्या व्यक्तीचे, त्या पात्राच्या रूपात, हेतुपूर्वक केलेले छायाचित्रण होय. छायाचित्राचे पूर्वनियोजन, वेशधारकाचा देहविन्यास (पोझ), प्रकाशयोजना आणि नंतरचे संस्करण या सर्वांचा त्यात समावेश होतो. या प्रकाराची आजची रूढ पद्धती मुख्यतः जपानमध्ये घडली.

नाटकातील नटाच्या छायाचित्राशी याचे वरवर साम्य आहे. बालगंधर्वांची भूमिकांच्या वेशातील छायाचित्रे मराठी वाचकांस परिचित आहेत. परंतु ती रंगमंचावर घडलेल्या भूमिकेची स्मृती जपतात. कॉस्प्लेमध्ये बहुधा नाटकच नसते. संवाद नाहीत, प्रवेश नाहीत, कथानक पुढे सरकत नाही. स्पर्धांतील छोटे प्रवेश सोडले तर पात्र साकार होते ते कॅमेऱ्यासमोरच्या काही क्षणांत. त्यामुळे येथे छायाचित्र हाच प्रयोग असतो, आणि पोझ म्हणजे त्या प्रयोगातील अभिनय.

शब्द आणि पूर्वेतिहास

'कॉस्प्ले' (जपानी उच्चार : कोसुपुरे) हा शब्द 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' या दोन इंग्रजी शब्दांच्या जपानी रूपांचा संक्षेप आहे. तो ताकाहाशी नोबुयुकी यांनी रूढ केला. १९८४ साली लॉस एंजेलिस येथील जागतिक विज्ञानकथा संमेलन पाहिल्यावर त्यांना हा शब्द सुचला, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. तथापि 'माय ॲनिमे' या मासिकाच्या जून १९८३ च्या अंकात तो आधीच आढळतो, तेव्हा ही कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस (टोपणनाव मोरोजो) हे दोघे भविष्यकालीन पोशाखात आले होते. श्रेय सहसा ॲकरमन यांना दिले जाते. वस्तुतः दोन्ही पोशाखांची निर्मिती डग्लस यांची होती. हौशी मंडळींना काल्पनिक पात्रांच्या वेशात बसवून छायाचित्र काढण्याची कल्पना तर आणखी मागे जाते. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमरन यांनी १८७४ साली टेनिसन यांच्या आर्थर राजाविषयीच्या काव्यासाठी आप्त व परिचित यांना पात्रांचे वेश चढवून छायाचित्रे घेतली होती. त्या काळी एकेका छायाचित्रासाठी दीर्घकाळ निश्चल बसावे लागे. त्यामुळे पोझ 'धरून ठेवण्याची' अडचण तेव्हाही होती.

कोमिकेटमधील शिस्त

टोकियोतील 'कॉमिक मार्केट' (कोमिकेट) हा हौशी प्रकाशनांचा मेळावा डिसेंबर १९७५ मध्ये सुरू झाला. तो प्रामुख्याने उन्हाळ्यात ऑगस्टमध्ये आणि हिवाळ्यात डिसेंबरअखेर भरतो. १९९६ पासून 'टोकियो बिग साइट' हे त्याचे नेहमीचे स्थान आहे. कॉस्प्ले छायाचित्रणाचे बहुतेक अलिखित संकेत अशा मेळाव्यांच्या गर्दीत जन्मले. पोशाख घालून घरून येण्यास किंवा तसेच परत जाण्यास तेथे मनाई आहे. वेश बदलण्यासाठी स्वतंत्र खोल्या आणि छायाचित्रणासाठी राखीव जागा असतात. वाटेत कोठेही थांबून पोझ देता येत नाही.

वेशधारकास तेथील बोलीत 'रेइया' म्हणतात. छायाचित्रकारास 'कामेको', म्हणजे 'कॅमेरेवाला पोरगा', असा काहीसा थट्टेचा शब्द आहे. छायाचित्रकार एक तर रांग लावून एकेक करून छायाचित्रे घेतात, किंवा गर्दी वाढली की वेशधारकाभोवती कडे करतात. कडे झाल्यावर 'मेसेन', म्हणजे नजर, हा शब्द सतत ऐकू येतो : आपल्या दिशेने पाहावे, अशी ती विनंती असते. अनुभवी वेशधारक पोझ न मोडता नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे क्रमाने फिरवतो, जेणेकरून प्रत्येकास एक तरी छायाचित्र मिळावे. कडे आवरायची वेळ झाली की मोठ्याने उलटे आकडे मोजले जातात आणि शून्य होताच कॅमेरे खाली येतात. लाजाळू वेशधारकास 'आता पुरे' असे प्रत्येकाला वेगळे सांगावे लागत नाही, हा या मोजणीचा मोठाच लाभ.

याखेरीज ठरवून केलेले छायाचित्रण असते. एकाच कथेतील पात्रे मिळून करतात त्यास 'आवासे' आणि घरातल्या घरात करतात त्यास 'ताकुकोसु' म्हणतात. जपानी शहरांत यासाठी भाड्याने मिळणारी छायाचित्रणगृहे असून त्यांत वर्गखोली, भग्न इमारत, देवालय असे देखावे तयार असतात. बाहेर वापरलेल्या बुटांनी देखाव्याची फरशी खराब होऊ नये म्हणून तळव्यांना चिकटपट्टी लावण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो.

पूर्वनियोजन

नियोजनाचा आरंभ जागेपासून न करता प्रसंगापासून करणे इष्ट ठरते. पात्र कोणते, यापेक्षा ते कथेतील कोणत्या क्षणीचे, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. युद्धापूर्वीचा योद्धा आणि पराभवानंतरचा तोच योद्धा यांचा पोशाख एक असला तरी खांदे, श्वास आणि धुळीचे डाग निराळे असतात. क्षण ठरला की जागा, वेळ आणि प्रकाश बरेचसे आपोआप ठरतात.

संदर्भचित्रे गोळा करताना एक धोका संभवतो. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. १९८० आणि १९९० च्या दशकांतील अनेक इंग्रजी आवृत्त्यांत वाचनाची दिशा बदलण्यासाठी पाने आरशातल्याप्रमाणे उलटवून छापली जात. अशा आवृत्तीवरून तयारी केल्यास तलवार भलत्याच कमरेला लटकते आणि व्रण भलत्याच गालावर येतो. शक्य असल्यास मूळ आवृत्ती, किंवा ॲनिमेसाठी तयार केलेली पात्राची सर्व बाजूंची रेखाटने (जपानीत 'सेत्तेई') पाहावीत. हाच दोष संस्करणातही शिरतो. किमोनो नेहमी डावी बाजू वर येईल असा नेसतात; उजवी बाजू वर फक्त मृतदेहाला नेसवताना घेतात. रचना बरी दिसावी म्हणून छायाचित्र आडवे उलटवले, तर जिवंत पात्र जपानी प्रेक्षकाला प्रेतवेशात दिसते.

त्यानंतर अपेक्षित छायाचित्रांची यादी करतात. ती लहान असावी. दोन तासांत वीस कल्पना उरकण्यापेक्षा पाच-सहा नीट जमणे चांगले, कारण वेशभूषा, रंगभूषा आणि केसांचा टोप बसवणे यांतच अनेकदा दोन-तीन तास जातात. यादीचा क्रम कथेप्रमाणे न लावता पोशाखाच्या झिजेप्रमाणे लावतात. जवळून घ्यावयाची शांत व्यक्तिचित्रे आधी, कारण तेव्हा रंगभूषा ताजी आणि टोप जागेवर असतो. धावणे, उडी, झटापट नंतर. आणि पाणी, चिखल किंवा कृत्रिम रक्त अगदी शेवटी, कारण त्यानंतर मागे फिरता येत नाही. बाहेरच्या जागी सूर्यास्तापूर्वीचा सुमारे तासभर प्रकाश मऊ आणि तिरका असतो. तो यादीतील सर्वांत महत्त्वाच्या छायाचित्रासाठी राखून ठेवतात.

तिसरी व्यक्ती सोबत असणे ही चैन नसून गरज आहे. परावर्तक धरणे, अंगरखा उडवणे, सामानावर लक्ष ठेवणे ही कामे तिची असतात. पण तिचे खरे काम पाहण्याचे आहे. सरकलेला टोप, टोपाखालून डोकावणारे स्वतःचे केस, मनगटावर राहून गेलेले घड्याळ या गोष्टी छायाचित्रकाराला भिंगातून दिसत नाहीत आणि वेशधारकाला तर दिसणे शक्यच नाही. टाचण्या, सुईदोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, गोंद, कंगवा, टिपकागद आणि पाणी हे साहित्य बहुतेक अनुभवी मंडळींच्या पिशवीत असते. शिरस्त्राण किंवा हातमोजे घातल्यावर स्वतः पाणी पिणेही जमत नाही, म्हणून नळी सोबत ठेवतात.

देहविन्यास

रेखाटलेल्या पात्राला वजन नसते. चित्रकार त्याचा कणा हवा तसा वाकवतो, पाय लांबवतो आणि तोल सांभाळण्याची चिंता करीत नाही. मानवी शरीराला हे स्वातंत्र्य नाही. त्यामुळे चित्रातील पोझ जशीच्या तशी उचलली की ती बहुधा ताठ किंवा हास्यास्पद दिसते. चित्रातील रेषेचा मुख्य बाक कोठून कोठे जातो, वजन कोणत्या पायावर आहे आणि नजर कोठे आहे, एवढे ओळखून तोच परिणाम आपल्या शरीराने साधणे हे यातील कौशल्य आहे. ते अनुकरण नसून भाषांतर आहे.

उभ्या पोझचा पाया वजनाच्या विभागणीत असतो. दोन्ही पायांवर सारखे वजन दिल्यास शरीर समभंग, म्हणजे सरळ आणि स्थिर दिसते. राजा, सेनापती, यंत्रमानव अशा पात्रांस ते शोभते. वजन एका पायावर टाकले की कंबर एका बाजूला आणि खांदे विरुद्ध बाजूला कलतात; भारतीय शिल्पात यालाच मानेच्या कलासह त्रिभंग म्हणतात, आणि ग्रीक शिल्पकारांनीही हाच तोल साधला होता. चपळ, खोडकर किंवा शृंगारिक पात्रांची बहुतेक चित्रे या रेषेवर बेतलेली असतात. हिरोहिको अराकी यांच्या १९८७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' या मांगातील पिळदार पोझ जगभर कॉस्प्लेसाठी वापरल्या जातात. त्यांमागे इटालियन शिल्पांचा, विशेषतः बर्निनी यांच्या 'अपोलो आणि डाफ्नी'चा प्रभाव असल्याचे अराकी यांनी सांगितले आहे. म्हणजे दगडातून कागदावर आणि कागदावरून पुन्हा देहावर असा हा प्रवास आहे. या पोझ करताना पीळ कमरेच्या वर, छातीच्या पिंजऱ्यापासून घ्यावा. केवळ मान आणि मनगटे वळवल्यास पीळ दिसत नाही, दुखते मात्र.

जपानी रंगभूमीने याचे आणखी एक सूत्र दिले आहे. काबुकी नाटकात उत्कट क्षणी नट डोके फिरवून, डोळे विस्फारून काही क्षण निश्चल होतो; यास 'मिए' म्हणतात. त्या वेळी लाकडी ठोकळ्यांचा आवाज करून प्रेक्षकांचे लक्ष वेधले जाते. मिएचे बळ अंतिम स्थितीपेक्षा तिच्यापर्यंतच्या हालचालीत असते. छायाचित्रणातही वेशधारकास 'असा उभा राहा' असे सांगण्याऐवजी 'तलवार उपसून इथे थांब' असे सांगितले तर स्नायूंत खरा ताण येतो. म्हणून अनेक छायाचित्रकार गोठवलेल्या पोझपेक्षा दोन-तीनदा केलेल्या छोट्या कृतीचा शेवट टिपतात.

हातांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि जाणकार प्रेक्षक सर्वांत आधी हातच पाहतो. 'नारुतो' या मांगात प्राण्यांच्या राशींवरून नावे दिलेल्या १२ मूलभूत हस्तमुद्रा आहेत; एक बोट चुकले तरी मुद्रा बदलते. विशिष्ट मुद्रा नसेल तेथेही बोटे सैल लोंबू देऊ नयेत किंवा चमच्यांसारखी एकत्र चिकटवू नयेत. हातात शस्त्र असेल तर ते वजनदार असल्याचा आभास निर्माण करावा लागतो. फोमची कुऱ्हाड खरोखर काही ग्रॅमची असते आणि ढिल्या मनगटावरून ते लगेच उघड होते. कोपर किंचित वाकवून, खांदा खाली ओढून आणि मागच्या पायावर भार देऊन तीच कुऱ्हाड जड वाटते.

चेहऱ्याच्या बाबतीत पात्राचा स्वभाव आणि वेशधारकाची सवय यांत संघर्ष होतो. कॅमेरा दिसताच हसण्याची सवय इतकी मुरलेली असते की थंड, क्रूर पात्रही ओठांच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखे हसते. हनुवटी किंचित खाली घेऊन डोळे वर उचलल्यास डोळे मोठे दिसतात आणि ॲनिमेतील चेहऱ्याशी साम्य वाढते. हनुवटी वर गेल्यास तुच्छता किंवा अधिकार सूचित होतो. जाड झालर असलेल्या टोपाखाली डोळे सावलीत बुडतात, त्यासाठी चेहरा प्रकाशाकडे थोडा अधिक उचलावा लागतो.

सराव आरशासमोर करतात. पण आरशात आणि मोबाइलच्या पुढील कॅमेऱ्याच्या पडद्यावर डावे-उजवे उलटे दिसते. म्हणून शेवटचा सराव दुसऱ्याने छायाचित्र काढून तपासणे सुरक्षित. सराव पूर्ण पोशाखात करावा, हे सांगण्याचे कारण असे की चिलखतात दंड खांद्यावर जात नाही, घट्ट कंचुकीत वाकता येत नाही आणि उंच टाचांवर वजनाचा केंद्रबिंदू बदलतो. रोजच्या कपड्यांत साधलेली पोझ त्या दिवशी अशक्य ठरल्याची उदाहरणे विपुल आहेत.

समूहातील पोझमध्ये डोकी एका रेषेत आली की शाळेच्या वर्गाचे छायाचित्र तयार होते. उंचीचे त्रिकोण करून आणि पात्रांच्या परस्परसंबंधांप्रमाणे अंतरे ठेवून ते टाळतात : मित्र स्पर्श करतील एवढे जवळ, वैरी एकमेकांच्या नजरेत पण हाताबाहेर.

भिंग, प्रकाश आणि हालचाल

३५ मिमी. फिल्मच्या आकाराचा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावर चेहऱ्यासाठी ८५ मिमी.च्या आसपासचे भिंग सोयीचे असते. त्याने नाक-गालांचे प्रमाण बिघडत नाही आणि पार्श्वभूमी धूसर होते. मांगातील 'अंगावर येणारी मूठ' मात्र त्याने साधत नाही. त्यासाठी २४ मिमी.सारखे रुंदकोनी भिंग घेऊन मूठ अगदी जवळ आणावी लागते. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवल्यास पाय लांब दिसतात. त्याहून खाली नेण्यापूर्वी वेशधारकास विचारावे. आखूड पोशाखात खालून घेतलेले छायाचित्र जपानी मेळाव्यांत निषिद्ध मानले जाते.

कृत्रिम तंतूंच्या टोपावर समोरून थेट फ्लॅश पडल्यास तो प्लॅस्टिकसारखा चकाकतो. प्रकाश बाजूने आणि कापडी आवरणातून दिल्यास हा दोष कमी होतो. मागून दिलेला क्षीण प्रकाश टोपाची कड पार्श्वभूमीपासून वेगळी करतो. उडी किंवा उडता अंगरखा गोठवण्यासाठी १/५०० ते १/१००० सेकंद इतका वेग लागतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश सामान्यतः १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंतच शटरशी जुळतो, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही आणि छायाचित्राचा एक भाग काळा येतो. अंगरखा उडवण्याची जुनी रीत साधी आहे : सहायक टोक धरून वर फेकतो आणि चौकटीबाहेर पळतो. तरंगणाऱ्या वस्तू पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने टांगून दोरा नंतर पुसून टाकतात.

संमती आणि हक्क

वेश पात्राचा असला तरी शरीर माणसाचे असते. पात्र धीट आहे म्हणून वेशधारकाला हात लावण्याची, बाजूला ओढण्याची किंवा न विचारता छायाचित्र घेण्याची मुभा मिळत नाही. २०१४ साली न्यूयॉर्क कॉमिक कॉनच्या आवारात कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे, अशा आशयाचे फलक लावण्यात आले आणि हा विचार अनेक मेळाव्यांच्या नियमांत आला. जपानमध्ये लैंगिक स्वरूपाच्या चोरट्या छायाचित्रणाविरुद्धचा स्वतंत्र कायदा जुलै २०२३ पासून लागू आहे. पोझ सुचवताना छायाचित्रकाराने स्वतः ती करून दाखवावी आणि टोप किंवा दागिना सरळ करायचा असल्यास तोंडी सांगावे, हा शिष्टाचार आहे. अल्पवयीन वेशधारकाच्या बाबतीत पालकाची उपस्थिती आणि संमती आवश्यक समजतात.

संमती छायाचित्र काढण्यापुरती नसते. कोणती छायाचित्रे प्रसिद्ध करावयाची, चेहरा व शरीर यांत संस्करणाने किती बदल करावयाचा, कोणाचे नाव द्यावयाचे आणि विक्री होणार असल्यास पैसे कसे वाटावयाचे, हे आधीच लिहून ठेवणे हिताचे. जपानमध्ये अशी छायाचित्रे 'कोसुरोम' या नावाने तबकड्यांवर विकण्याची प्रथा असल्याने हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिला नाही. सर्वसाधारणपणे छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे असतो. भारतात मात्र १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारी व्यक्ती असते. मूळ पात्राच्या निर्मात्याचे हक्क याहून वेगळे आहेत.

पात्राच्या वर्णाशी जुळण्यासाठी त्वचेचा रंग काळा वा सावळा करणे हा वादाचा विषय आहे. निळी किंवा हिरवी काल्पनिक त्वचा आणि खऱ्या मानवी समूहाचा वर्ण यांत भेद केला पाहिजे, असे मत आता बरेच मान्य होत आहे.

सुरक्षितता

ऑगस्टमधील टोकियोची दमट उष्णता आणि फोमचे चिलखत यांचा मेळ धोकादायक असतो. पोझ देणारी व्यक्ती गर्दीसमोर थांबण्यास संकोचते, म्हणून विश्रांतीची आठवण सोबत्याने करावी. रंगीत नेत्रभिंगे नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय घालू नयेत आणि एकमेकांची वापरू नयेत. नकली शस्त्रे उघड्यावर नेल्यास गैरसमज होतो. २०१७ साली अमेरिकेतील फिनिक्स येथील मेळाव्यात खरी शस्त्रे घेऊन आलेल्या एका इसमास अटक झाल्यावर तेथे नकली शस्त्रांवरही कडक निर्बंध आले. रेल्वेमार्ग, कठडे आणि पडक्या इमारती छायाचित्रांत आकर्षक दिसतात. भारतात रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाखाली गुन्हा आहे.

भारतात

भारतातील पहिले कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत भरले. पुढे मुंबई, बंगळूरू, हैदराबाद येथेही असे मेळावे होऊ लागले आणि कॉस्प्ले हे त्यांचे मोठे आकर्षण ठरले. महाराष्ट्रातील बहुरूप्याशी त्याची तुलना केली जाते. पण बहुरूपी बोलून, दारोदार फिरून उपजीविका करतो, तर कॉस्प्ले ही हौस आहे आणि तिचा भर छायाचित्रावर असतो. येथे तयार देखाव्यांची छायाचित्रणगृहे जपानइतकी सुलभ नसल्याने उद्याने, समुद्रकिनारे आणि डोंगर यांचा उपयोग होतो. पावसाळ्यातील सह्याद्रीची हिरवाई आणि धुके काल्पनिक अरण्यांसाठी उत्तम. मात्र दमट हवेत रंगभूषा टिकत नाही आणि उन्हात तापलेल्या फोमचे सांधे सुटतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत तिपाई आणि व्यावसायिक छायाचित्रण यांसाठी पूर्वपरवानगी लागते. गडकोटांविषयी स्थानिकांच्या भावना तीव्र असल्याने परवानगी असतानाही पात्र आणि पोझ यांची निवड विचारपूर्वक करावी लागते.